किरकोळ मिळकत आणि कराचा रकाना

२०२५ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. दुसरी पाळी सुटल्यावर एक फिटर आमच्या युनियनच्या कचेरीत आला आणि चार घड्या घातलेला एक कागद त्याने टेबलावर ठेवला. आयकर खात्याचे मागणीपत्र होते. रक्कम चाळीस हजारांच्या वर, आणि व्याज निराळे. हा गृहस्थ बावीस वर्षे एकाच कारखान्यात. पगाराखेरीज त्याची वरकड मिळकत काय, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रात्यक्षिक परीक्षेला वर्षातून एकदा बाहेरचा परीक्षक म्हणून तो जातो, त्याचे मानधन. २०२३-२४ साली ते आठ हजार रुपये होते. हे आठ हजार त्याने प्रामाणिकपणे विवरणपत्रात दाखविले आणि त्यापायी चाळीस हजारांची मागणी आली.

खात्यातील मंडळींनी त्याला एकमुखाने सांगितले, "दाखवलेस कशाला? गप्प बसला असतास तर काही झाले नसते." कारखान्याच्या दारात हाच बोध चार दिवसांत सगळीकडे पसरला. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. आमची शाळा नववीला सुटली, आणि पुढचा कायदा आम्ही पगारपत्रके, सूचनाफलक आणि मालकांच्या वकिलांची तोंडे पाहून शिकलो. तरी ते कागद तीन रात्री वाचल्यावर एवढे आमच्या ध्यानात आले की, मिळकत दाखविण्यात त्याची चूक नव्हती. चूक होती ती दाखविण्याच्या जागेत. ज्या रकान्यात ती जावयाची त्यात न जाता ती धंद्याच्या फॉर्मवर गेली होती. म्हणून वसंत व्याख्यानमालेत बोलण्याचे आमंत्रण आले तेव्हा आम्ही हाच विषय मागून घेतला. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी परीक्षेचे पेपर तपासले असतील, आकाशवाणीवर एखादे भाषण केले असेल, पतपेढीचा लाभांश घेतला असेल. तेव्हा हा प्रश्न केवळ फिटरचा नाही.

आयकराच्या कायद्याने माणसाची मिळकत पाच खणांत वाटली आहे. पगार, घरभाडे, धंदा अथवा व्यवसाय, मालमत्ता विकून झालेला भांडवली नफा, आणि पाचवा खण 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न'. १९६१ च्या कायद्यात ही वाटणी होती, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानेही ती मोडलेली नाही. आम्ही येथे आकडे देतो ते २०२५-२६ पर्यंतच्या मिळकतीचे, म्हणजे जुन्या कायद्याखालचे.

पाचवा खण कसा आहे? प्रत्येक युनियन कचेरीत 'संकीर्ण' नावाची एक फाइल असते, तसा. जे कागद कोठेच बसत नाहीत ते तिथे. पण म्हणून पहिल्या चार फाइली न उघडता कोणताही कागद संकीर्णमध्ये कोंबला तर कारकुनाला आम्ही बोल लावतो; कायदाही तेच करतो. मिळकत आधी पहिल्या चार खणांत बसते का ते पाहावयाचे, आणि कोठेच बसली नाही तरच पाचव्याकडे जावयाचे. बँकेच्या ठेवीचे व्याज, लाभांश, मृत कामगाराच्या पत्नीला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन, आयकराच्या परताव्यावर खात्याने दिलेले व्याज, एखाद्या वेळचे मानधन ही या खणातील नेहमीची मंडळी.

आता फिटरचे आठ हजार घ्या. तो परीक्षा मंडळाचा नोकर नाही, म्हणून तो पगार नव्हे. परीक्षा घेणे हा त्याचा धंदा नाही. त्याने पाटी लावलेली नाही, तो कामे शोधीत फिरत नाही, वर्षातून तीन दिवस बोलावले तर जातो. म्हणजे धंद्याचा खणही गेला. उरला पाचवा. आणि पाचव्या खणासाठी धंद्याचा फॉर्म लागतच नाही. पगारदाराचा साधा फॉर्म, ज्याला सरकारने 'सहज' हे नाव दिले आहे, त्यातच इतर उत्पन्नाचा भाग असतो. त्यात बचतखात्याचे व्याज, ठेवीचे व्याज, लाभांश असे प्रकार निवडावयाचे असतात आणि शेवटी 'अन्य कोणतेही' असा एक प्रकार असून पुढे चार शब्दांत वर्णन लिहावयास जागा आहे. काम एवढेच.

त्याच्या एजंटाने मात्र 'सहज' बाजूला ठेवून 'सुगम' नावाचा फॉर्म भरला, म्हणजे छोट्या धंदेवाल्यांचा, आणि आठ हजार धंद्याची मिळकत म्हणून दाखविले. यात चाळीस हजारांचा प्रश्न कोठून आला ते नीट पाहिले पाहिजे, कारण खरी मेख येथे आहे.

आज कर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. नव्या पद्धतीत दर कमी, पण गृहकर्जाचे व्याज, भविष्यनिर्वाह निधी, विमा यांच्या बहुतेक वजावटी नाहीत. जुन्या पद्धतीत दर चढे, पण वजावटी आहेत. २०२३-२४ पासून काहीच न सांगणाऱ्याला नवी पद्धत लागू होते. ज्याला धंद्याचे उत्पन्न नाही असा पगारदार मुदतीच्या आत विवरण भरताना त्या फॉर्ममध्येच दरवर्षी जुनी किंवा नवी निवडू शकतो. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला ही मोकळीक नाही. जुनी पद्धत हवी असेल तर त्याने मुदतीच्या आत १०-आयईए नावाचा वेगळा फॉर्म द्यावयाचा. आणि एकदा जुनीकडे जाऊन नवीकडे परतला की, धंद्याचे उत्पन्न असेतोवर पुन्हा जुनीकडे वाट नाही.

आमच्या फिटरचा पगार त्या साली ८,८०,००० रुपये. जुन्या पद्धतीने प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसायकर २,५००, गृहकर्जाचे व्याज २,००,००० आणि भविष्यनिधी व कर्जाचे मुद्दल मिळून १,५०,००० हे वजा जाता ४,७७,५०० उरतात. त्यात मानधनाचे ८,००० मिळविले तर ४,८५,५००. पाच लाखांच्या आत असल्याने सवलतीमुळे कर शून्य. कारखान्यानेही हाच हिशेब धरून त्याच्या पगारातून काही कापले नव्हते. एजंटाने मात्र आठ हजारांना धंदा ठरविले, वेगळा फॉर्म दिलाच नाही, आणि जुनी पद्धत निवडता येईना तेव्हा गुपचूप नवी टाकून विवरण पाठवून दिले. नव्या पद्धतीत ८,८०,००० मधून फक्त ५०,००० वजा. त्यात ८,००० मिळवून ८,३८,०००. त्यावर ३८,८०० कर आणि चार टक्के उपकर धरून ४०,३५२ रुपये. आठ हजार रुपये एका खणातून दुसऱ्या खणात गेले, आणि शून्याचे चाळीस हजार झाले.

एजंटाने विवरणपत्रावर भ्रमणध्वनी आणि ई-मेल स्वतःचा घातला होता, म्हणून खात्याची सूचना या माणसापर्यंत पोचलीच नाही. चुकीचे विवरण सुधारून देण्याची मुदत १५ जानेवारी २०२५ ला संपली होती. त्यानंतर 'अद्ययावत विवरण' म्हणून एक सोय आहे, पण ती अधिक कर भरणाऱ्यासाठी. कर कमी करून घेण्यासाठी ती चालत नाही. शेवटी त्याने कामगार पतपेढीतून कर्ज काढून रक्कम भरली. आपल्या विवरणावर आपलाच क्रमांक आणि आपलाच ई-मेल आहे ना, एवढे तरी प्रत्येकाने घरी जाऊन आजच पाहावे.

आता कोणी म्हणेल, मग काय, सगळ्यांनीच आपली वरकड कमाई पाचव्या खणात टाकावी आणि धंद्याच्या कटकटीतून सुटावे! तसे नाही. आमच्याच कारखान्यात एक टर्नर आहे. तो दर रविवारी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. घरामागे पत्र्याची शेड आहे, त्यात लेथ आहे, गंगावेशीच्या बाजारातून तो सुटे भाग आणतो, गिऱ्हाइकांना उधारीही देतो. त्याने आम्हाला विचारले, "माझेही अन्य कोणतेहीमध्ये टाका की." आम्ही म्हटले, बाबा, ही संकीर्ण फाइल नव्हे, हे तुझे दुकान आहे. मिळकत लहान की मोठी यावरून खण ठरत नाही. काम पुन्हा पुन्हा होते का, त्यात काही योजना आहे का, हत्यार-भांडवल घातले आहे का, नफ्याच्या हेतूने ते चालविले आहे का, यावरून तो ठरतो. वर्षाला वीस हजार मिळविणारा पंपवाला धंदेवाला असू शकतो आणि एकदाच चाळीस हजार मानधन घेणारा नसू शकतो.

एकदाच केलेला व्यवहारही मात्र कधी कधी धंद्यात मोडतो, हे सांगितले पाहिजे. जी. वेंकटस्वामी नायडू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा ऊहापोह केला आहे. एका पेढीने गिरणीलगतचे जमिनीचे तुकडे घेतले आणि पुढे ते त्याच गिरणीला नफ्याने विकले. पेढीचे म्हणणे, आमचा जमिनीचा धंदा नाही. न्यायालयाने पाहिले की, घेतानाच विकून नफा काढण्याचा हेतू होता. म्हणून तो व्यापाराच्या स्वरूपाचा उद्योग ठरला. सर्वांना लागू पडेल असे एकच सूत्र नाही, प्रत्येक प्रकरणातील सगळी परिस्थिती एकत्र पाहावयाची, असा त्या निकालाचा रोख आहे. गिरणीच्या नावाने निकाल वाचावयास घेतला तेव्हा कामगारांबद्दल काही असेल म्हणून आम्ही आशेने पाने उलटली; तसे काही निघाले नाही, पण वाचन फुकट गेले नाही.

त्या टर्नरलाही भिण्याचे कारण नाही. छोट्या धंद्याला वह्या न ठेवता उलाढालीच्या आठ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत आले असतील तर सहा टक्के, नफा धरण्याची सोय आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर तो दाखवावयाचा. त्याचा फॉर्म तो 'सुगम'. विमा एजंटाची गोष्ट वेगळी. कमिशनवर काम करणाऱ्याला ही सोय नाही, आणि कमिशन दोन-चार हजार असले तरी ते धंद्याचेच उत्पन्न असल्याने त्याला मोठा फॉर्म भरावा लागतो. हा नियम गरीब एजंटावर जुलमी आहे असे आमचे मत आहे. पण मत आणि नियम यांची गल्लत करून विवरण भरता येत नाही.

"किरकोळ रक्कम दाखवावी लागत नाही" हा समज मुळात आला कोठून? त्याला थोडा आधार होता. अधूनमधून होणाऱ्या आकस्मिक प्राप्तीला पाच हजार रुपयांपर्यंत करमाफी देणारी तरतूद जुन्या कायद्यात होती. ती २००३-०४ या आकारणी-वर्षापासून काढून टाकण्यात आली. तरतूद गेली, पण समज मागे राहिला. दुसरा समज असा की, ज्यावर कर कापला गेला नाही ते करमुक्त. बँक ठराविक मर्यादेपर्यंत व्याजावर कर कापीत नाही. २०२५-२६ साली ही मर्यादा सर्वसाधारण ठेवीदाराला ५०,००० आणि ज्येष्ठांना १,००,००० होती. ती मर्यादा कापणाऱ्यासाठी आहे. त्याखालचे व्याजही आपण दाखवावयाचेच. 'पंधरा-जी' लिहून दिला म्हणजे व्याज माफ झाले असेही नव्हे. तिसरा समज पतपेढीच्या लाभांशाविषयी. दिवाळीच्या आधी तो हातात पडतो, गोड लागतो आणि करमुक्त वाटतो. तो तसा नाही. कंपन्यांचा लाभांशही १ एप्रिल २०२० पासून घेणाऱ्याच्या हाती करपात्र आहे. टपाल बचतखात्याच्या व्याजाला मात्र एकट्याच्या खात्यावर ३,५०० रुपयांपर्यंत माफी आहे, ती अवश्य घ्यावी.

दडविण्याने साधते काय, याचा एक हिशेब आम्ही गेटसभेत फळ्यावर मांडला होता. त्याच फिटरचा २०२५-२६ चा पगार ९,४०,००० धरा. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाता ८,६५,०००. बचतीचे व्याज ६,२००, लाभांश ३,८००, परीक्षकाचे मानधन ९,०००, मिळून १९,०००. एकूण ८,८४,०००. दराप्रमाणे कर २८,४०० होतो. पण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ६०,००० पर्यंत सवलत असल्याने भरावयाचा कर शून्य. एकोणीस हजार लपविले असते तरी कर शून्यच. म्हणजे पुष्कळ कामगार जी चोरी करतात तीत त्यांना दमडीही मिळत नाही. पदरात पडतो तो नुसता धाक.

परंतु बारा लाखांच्या काठावर उभा असलेला माणूस निराळा. समजा वजावटीनंतर त्याचा पगार ११,९५,००० आहे आणि वरकड मिळकत १५,०००. एकूण १२,१०,०००. सवलत गेली. दराने ६१,५०० कर झाला असता. पण बारा लाखांवर जेवढे गेले तेवढ्यापुरताच कर घ्यावा असा दिलासा कायद्याने दिला असल्याने तो १०,००० वर थांबतो, उपकरासह १०,४००. पंधरा हजारांपैकी दहा हजार चारशे सरकारात! अशा माणसाचा मोह आम्ही समजू शकतो. पण बँक, कंपनी, मानधन देणारी संस्था यांनी कळविलेले बरेचसे व्यवहार २०२१ पासून 'एआयएस' या वार्षिक माहितीपत्रकात आपल्या नावापुढे उमटतात. आपण ते उघडण्याआधी खात्याच्या यंत्राने ते वाचलेले असते. कमी दाखविलेल्या उत्पन्नावरील कराच्या निम्मा दंड, आणि जाणूनबुजून खोटे दाखविले तर दुप्पट, अशी तरतूद आहे.

त्या माहितीपत्रकाबद्दल एक गोष्ट. मानधनावर कोणी दहा टक्के कर व्यावसायिक शुल्काच्या कलमाखाली कापला, तर तिथे 'व्यावसायिक' हा शब्द दिसतो आणि माणूस घाबरून धंद्याचा फॉर्म धरतो. कापणाऱ्याने कोणते कलम लावले हे त्याच्या कर्तव्यापुरते आहे; आपल्या मिळकतीचा खण त्याने ठरत नाही, कामाच्या स्वरूपाने ठरतो. नेमणुकीचे पत्र जपून ठेवावे. आणि कापलेल्या कराचा परतावा मागावयाचा तर ती मिळकतही दाखविली पाहिजे. कर आपला आणि मिळकत परक्याची, असे चालत नाही.

परीक्षेला जाण्यायेण्याचा खर्च वजा होतो का, असे पुष्कळ विचारतात. ती मिळकत मिळविण्यासाठीच झालेला खर्च पाचव्या खणातही वजा होतो. पण २०२५ पर्यंतच्या 'सहज' फॉर्ममध्ये कुटुंबनिवृत्तिवेतनाची वजावट सोडली तर अशा खर्चाला रकानाच दिलेला नव्हता. ज्याला तो घ्यावयाचा त्याने आयटीआर-२ भरावयाचा. तोही धंद्याचा फॉर्म नव्हे. गावाकडच्या शेतीचे उत्पन्न पाच हजारांवर असेल, किंवा लॉटरी लागली असेल, तरीही 'सहज' चालत नाही. लॉटरीवर तर सरळ तीस टक्के. तिला बारा लाखांची सवलत नाही.

कुटुंबनिवृत्तिवेतनाबद्दल थोडे अधिक बोलावेसे वाटते. कामगार स्वतः निवृत्त झाला की त्याचे निवृत्तिवेतन पगाराच्या खणात बसते आणि नव्या पद्धतीत त्याला ७५,००० वजावट मिळते. तो वारला की त्याच घरात, त्याच चुलीसाठी येणारी रक्कम पाचव्या खणात जाते, कारण त्या बाईचा आणि मालकाचा नोकरीचा संबंध नाही. आणि वजावट मिळते ती एकतृतीयांश किंवा २५,००० यांतील कमी असेल ती. जुन्या पद्धतीत तर १५,००० च. वर्षाला १,८०,००० मिळत असतील तर तिसरा हिस्सा ६०,००० होतो, पण वजा होतात २५,०००. अनेक विधवा भगिनी हे पगारात दाखवून ७५,००० घेतात, मनात कपट नसताना. आणि मग नोटीस येते. घरचा कर्ता गेल्यावर वजावट तिसऱ्या हिश्श्यावर का यावी, हे आम्हाला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

पत्नीच्या नावे ठेव ठेवून व्याज तिचे म्हणून दाखविण्याची चाल सर्रास आहे. पैसा नवऱ्याने दिलेला असेल तर ते व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावयाचे. तिने स्वतः पापड लाटून, शिवण करून मिळविलेले मात्र तिचेच.

आणि निरोपाची थैली. सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला वर्गणी जमवून थैली अर्पण करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. नातलग सोडून इतरांकडून वर्षभरात मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम एकंदर ५०,००० पेक्षा अधिक झाली, तर वरची नव्हे, सगळीच्या सगळी पाचव्या खणात करपात्र होते. लग्नातील आहेराला यातून सूट आहे, निवृत्तीला नाही. पन्नास हजारांची थैली माफ आणि एक्कावन्न हजारांची पुरी करपात्र! आमच्या लोकांना वर एक रुपया ठेवल्याशिवाय शकुन वाटत नाही, म्हणून शाखांना आता आम्ही ४९,००१ ची थैली बांधावयास सांगतो; आणि त्या वर्षी आणखी कोणी काही दिले आहे का, ते सत्कारमूर्तीला आधी विचारून घेतो.

फिटरचे २०२५-२६ चे विवरण भरण्याआधी आम्ही त्याला तीन कागद आणावयास सांगितले: कारखान्याचा फॉर्म १६, बँकेचे आणि पतपेढीचे व्याज-लाभांशाचे दाखले, आणि परीक्षक म्हणून नेमल्याचे पत्र. भ्रमणध्वनी त्याचा, ई-मेल त्याच्या मुलीचा. 'अन्य कोणतेही' या रकान्यापुढे त्याने स्वतःच्या हाताने वर्णन लिहून आणले आहे: प्रात्यक्षिक परीक्षक मानधन, रुपये ९,०००.